सुईचं नेढं हे सुईचंच नेढं आहे

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं आहे, असं येशू बायबलमध्ये म्हणतो. त्याचं स्पष्टीकरण असं देतात: यरुशलेमच्या (जेरुसलेमच्या) तटाला ‘सुईचं नेढं’ नावाचा एक बुटका दरवाजा होता. रात्री मोठी वेस बंद झाली की उंटाला ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून आत यावं लागे. तेव्हा येशूच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच, की श्रीमंताने नम्र व्हावं. हे स्पष्टीकरण प्रवचनांतून आणि व्हॉट्सॲपवरून इतकं फिरतं, की मीही ते कित्येक वर्षं खरं मानत होतो.

आधी दरवाजाचं पाहू. पहिल्या शतकातल्या उपलब्ध लिखाणात या नावाचा दरवाजा कुठेच नाही आणि उत्खननातही तो मिळालेला नाही. ही हकिकत मध्ययुगातल्या टीकाग्रंथांत येते. आज जुन्या शहराभोवती दिसणारा तट बहुतांशी 16 व्या शतकात सुलतान सुलेमानाने बांधून घेतलेला आहे. त्यातली एखादी दिंडी दाखवून येशूच्या काळाबद्दल काही सिद्ध होत नाही.

शिवाय हे वाक्य बायबलमधल्या तीन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, आहे. त्यांच्या मूळ ग्रीकमध्ये मार्क आणि मत्तय सुईला ‘राफिस’ म्हणतात, लूक ‘बेलोने’ म्हणतो. दरवाजाचं विशेषनाम असतं, तर लूकने ते असं सहज बदललं नसतं.

काही जण दरवाजा सोडून दोराकडे वळतात: मूळ शब्द ‘कामेलोस’ (उंट) नसून ‘कामिलोस’ (जाड दोर) असावा. काही थोड्या हस्तलिखितांत तसा पाठ आहे खरा, पण सर्वांत जुन्या प्रतींत उंटच आहे. आणि दोर तरी नेढ्यातून कुठे जातो?

‘एवढी अतिशयोक्ती येशू कशी करेल?’ हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. मच्छर गाळून काढता आणि उंट गिळता, असं परूश्यांना (नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथाला) सुनावणारा तोच. डोळ्यातल्या मुसळाची गोष्टही त्याचीच. ज्यू परंपरेची बोलण्याची ढबच ही आहे. पुढच्या काळात संकलित झालेला बॅबिलोनी तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ म्हणतो की, नेढ्यातून जाणारा हत्ती माणसाला स्वप्नातसुद्धा दिसत नाही.

पण खरा निकाल कथेतच लागतो. मार्कच्या दहाव्या अध्यायात हे वाक्य ऐकून शिष्य थक्क होतात: मग तारण होणार तरी कोणाचं? संपत्ती ही देवाच्या आशीर्वादाची खूण मानण्याची त्यांची परंपरा होती. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात तसंच म्हटलं आहे. गुडघे टेकून जमण्यासारखं काम असतं, तर थक्क व्हायचं कारण काय? येशूचं उत्तरही पाहा: माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. दरवाजा आणला की ‘अशक्य’चं ‘जरा अवघड’ होतं आणि या उत्तराला जागाच उरत नाही.

त्याच अध्यायाच्या शेवटी मार्क बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याला आणतो. ‘सगळं विकून माझ्यामागे ये’ हे ऐकून श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला होता. बार्तीमय मात्र हाक येताच अंगावरचं वस्त्र टाकून उडी मारून उठतो आणि दृष्टी मिळाल्यावर येशूच्या मागे चालू लागतो.