एक चिरूट, अकराशे पानं

साखरपुडा होऊन अकरा दिवस झाले होते आणि लग्नाला दोन महिने होते. मुलीच्या बापानं कशालाही नाही म्हणू नये, असा हा काळ. त्यात व्याह्यांचा फोन आला. "पाव्हणं, शनवारी सांजच्याला मोकळं हाय न्हवं? निवांत बसू. सिगार ओढू."

मी हो म्हणालो. 'विहिरीत उतरू' म्हणाले असते तरी हो म्हणालो असतो.

माझा धुराशी संबंध बेताचाच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी एकतीस वर्षं दिवाणजी आहे. नाकात जाते ती हळद आणि शिंकेतून येते तीही हळद. आयुष्यात एकूण अडीच सिगरेटी ओढल्या. तिसरी अर्ध्यावर होती तेव्हा आबा आले. आबा म्हणजे वडील. आज चौऱ्याऐंशीचे आहेत आणि गेली साठ वर्षं निपाणीची तंबाखू चुना लावून खातात. पण मळून खाणं ही सवय आणि धूर काढणं हे व्यसन, अशी त्यांची वर्गवारी आहे. त्या दिवशी त्यांनी आधी सवय थुंकली आणि मग व्यसनाबद्दल मला बडवलं.

निघताना हिनं बजावलं, "ते पुढं करतील त्याला नको म्हणायचं नाही. मागं तुम्ही बासुंदी नको म्हणालात, तर विहीणबाईंचं तोंड बघवंना." आणि साखरपुड्यात आहेर आलेला पांढरा शर्टच घालायला लावला. त्यांना बरं वाटेल म्हणून.

व्याही तासगावकडचे. द्राक्षबाग, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, माणूस मोकळाढाकळा. द्राक्षं हॉलंडला पाठवता पाठवता एकदा स्वतःच तिकडं जाऊन आले आणि येताना ही आवड घेऊन आले. आणखीही काही आणलं असेल, पण अजून सोयरीक नवी आहे.

जागा म्हणजे सांगली-मिरज रस्त्यावरचं एक नवं हॉटेल. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, पण तीस किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवता येते. म्हणजे टपरीमागं उभं राहून ओढली तर दंड, आणि तीस खोल्या बांधून एकतिसावीत ओढली तर लाउंज. दाराला दोन पदर होते. पहिलं उघडून बंद होईपर्यंत दुसरं उघडायचं नाही.

हे बघून मला हरिपूरची पेवं आठवली. जमिनीत खोल खणलेली, वर तोंड लहान, आत हळदीची पोती. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, नाहीतर पिढ्यान् पिढ्या माल तिथंच राहायचा. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, कारण आत हवा नसते. दुसरं दार उघडलं, धुराचा लोट अंगावर आला, आणि मला मनापासून वाटलं की एक कंदील पाहिजे होता.

आत तपकिरी चामड्याचे सोफे. असे खोल, की बसल्यावर आपले गुडघे आपल्या छातीशी बोलायला येतात. व्याही आधीच रुतून बसलेले होते. हात तेवढा वर आला.

"या या! ह्येला म्हणत्यात आराम."

काळा कोट घातलेला एक पोरगा आला आणि इंग्रजीत काहीतरी बोलून आम्हाला एका काचेच्या कपाटाशी घेऊन गेला. ह्युमिडॉर. आत फळ्यांवर चिरूट झोपलेले आणि दाराला घड्याळासारखा काटा. काटा सत्तरवर. सत्तर टक्के आर्द्रता, सर, त्याच्या खाली गेलं की पान तडकतं, वर गेलं की बुरशी. मी नकळत मान हलवली. आमच्याकडं ओल म्हणजे बट्टा. हळकुंड मोडून बघायचं, कट् असा धातूसारखा आवाज आला पाहिजे. वाकलं तर शेतकऱ्याचा भाव पडला आणि माझा दिवस गेला. इथं मात्र ओल राखायला वीज जळत होती. कपाटाला आतून स्पॅनिश सीडरचं लाकूड, किडा लागू नये म्हणून. भाची वनस्पतिशास्त्र शिकते, तिनं नंतर सांगितलं की हा सीडर खरा सीडर नाहीच, कडुनिंबाच्या कुळातला आहे. म्हणजे आई गव्हाच्या कणगीत पाला टाकायची तेच, फक्त कोट घालून.

मेनूत प्रत्येकापुढं दोन आकडे होते. पाच, पन्नास. पाच इंच लांबी कळली. पन्नास म्हणजे जाडी, आणि ती इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. दिवाणजीचं डोकं, लगेच चाललं: पन्नास भागिले चौसष्ट, पाऊण इंचाच्या वर, दोन सेंटीमीटरला केसभर कमी. एवढ्या जाडीचं हळकुंड नसतं, गड्डा असतो. तिसरा आकडा 1850 होता. तो मी वर्ष समजलो. पुढं रुपये लिहिलेलं नंतर दिसलं.

खोक्यावर पंच्याऐंशी टक्के जागेत एका घशाचं चित्र आणि इशारा होता, सरकारी नियमाप्रमाणं. उरलेल्या पंधरा टक्क्यांत सोनेरी मुकुट.

माझ्या हातात कातर दिली. बारीक अडकित्ताच तो. टोकाची टोपी उडवायची, दोन मिलिमीटर, जास्त नाही, हे पोरगा सांगेपर्यंत मी सुपारीच्या सवयीनं चांगला अर्धा इंच उडवला होता. वरचं पान सुटायला लागलं. व्याही शेजारीच. पान उलगडत होतं तसा माझा घामही उलगडत होता. शेवटी लहानपणी मिरजेत शेजारच्या मावशींना विड्या वळताना बघितलं होतं ते आठवलं, जिभेवर बोट फिरवून पान चिकटवलं. मावशींची मजुरी हजार विड्यांवर मिळायची. संध्याकाळी सुपात विड्या मोजल्या जायच्या आणि कोपऱ्यात आकाशवाणी सांगली चालू असायची.

मी हे बोललो, तर व्याही म्हणाले, "क्यूबात तर सिगार वळणाऱ्यांना वाचून दाखवायला माणूस ठेवत्यात. सकाळी पेपर, दुपारनं कादंबरी. 1865 पासनं."

ह्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. मीही थोडं टाकलं: चिरूट हा शब्द मूळ तमिळ 'सुरुट्टु' वरून, म्हणजे गुंडाळी. आणि अकबराला तंबाखू पहिल्यांदा दाखवली ती असद बेग नावाच्या त्याच्या वकिलानं, विजापूरच्या दरबारातून नेऊन. म्हणजे आपल्या जतच्या पलीकडून. हकीम नको नको म्हणत होते, तरी बादशहानं एक-दोन झुरके मारलेच.

"बगा!" व्याही म्हणाले. "अकबरानं मारलं. तुमी बी मारा."

पेटवणं हा वेगळा सोहळा. ज्योत लावायची नाही, ज्योतीच्या वर धरून फिरवायचं, भाकरीचा काठ शेकतात तसं. कडा लाल झाली की ओढायचं. मी ओढलं. आणि खोल ओढलं, कारण अडीच सिगरेटींचा अनुभव तसाच होता.

पुढचं मिनिटभर मी सांगलीत नव्हतो. परत आलो तेव्हा काळ्या कोटातला पोरगा माझ्या कानाशी वाकला होता. इंग्रजी गेलेलं. "काका, धूर गिळू नका. तोंडात घ्या, सोडा. मिनटाला एकच."

"कुठला रे तू?"

"कुपवाडचा."

तेवढ्या काळोखात तो मला देवासारखा दिसला.

पण मिनिटाला एक, म्हणजे ही वस्तू तासभर चालणार. सिगरेट पाच मिनिटांत संपते, विडी दोन मिनिटांत विझते, तंबाखूचा बार थुंकता येतो. चिरूट संपतच नाही. विझवायचाही नाही, दाबून विझवला तर म्हणे वास सुटतो, आणि अपमान होतो. कुणाचा ते पोऱ्यानं सांगितलं नाही. राख झटकायची नाही, इंचभर वाढू द्यायची. त्यामुळं हातही हलवायचा नाही. खोल सोफ्यात रुतलेला, हात अधांतरी धरलेला, तोंड भरलेलं, आणि समोर व्याही. मुलीच्या बापाला बांधून घालायची याहून चांगली जागा मला सुचत नाही.

आणि इथंच त्यांनी विषय काढला.

"पाव्हणं, पानं किती धरायची?"

सहाशे ठरली होती. खर्च निम्मा-निम्मा, तोही बैठकीत ठरला होता, वहीत लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात. मी 'सहाशे' म्हणणार होतो, पण तोंडात धूर होता आणि तो गिळायचा नव्हता. मी नुसतं "हं?" केलं.

"आमचं द्राक्षवालं लई हायत. सातशे म्हणू."

"हं—"

खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैलांचा सौदा उपरण्याखाली बोटं धरून होतो. बाहेरच्याला कळत नाही, पण दोघांना तरी कळतं. इथं सौदा धुराखाली चालला होता आणि फक्त एकालाच कळत होता. राख पाव इंच झाली तेव्हा आठशे झाले. बेंजो पार्टी आली. अर्ध्या इंचाला कोल्ड स्टोरेजचे कामगार, "त्येंना कसं टाळायचं?" मी टाळा म्हणालोच नव्हतो. मी काहीच म्हणालो नव्हतो. माझं डोकं आतून हळूहळू गरगरायला लागलं होतं, आणि गरगरणारं डोकं समोरून बघितलं की हो म्हणल्यासारखं दिसतं.

साडेनऊशेला माझ्या कपाळावर गार घाम आला. पोटात तळ्यातला बेडूक उठून बसावा तसं झालं. हात थोडा थरथरला आणि जपून वाढवलेली इंचभर राख तशीच्या तशी, एकसंध, आहेराच्या शर्टावर पडली. पांढऱ्यावर करडी, मधोमध. व्याह्यांनी दिलेला शर्ट, व्याह्यांची राख. देणंघेणं तिथल्या तिथं फिटलं.

"चढली वाटतं," व्याही प्रेमानं म्हणाले. "पयल्यांदा हुतंय. रिकाम्या पोटी आलाय काय?"

रिकाम्या पोटी आलो होतो. हॉटेल मोठं, जेवण तिथंच असेल, असा हिशेब होता. दिवाणजीचा हिशेब तोही चुकला.

कुपवाडच्या पोरानं न सांगता साखरेच्या चार पुड्या आणि पाणी आणून ठेवलं. "तोंडात टाका काका. साखरेनं उतरतं." टाकल्या. उतरलं. पण शुद्ध येईपर्यंत मांडव, बेंजो, चाटचा वेगळा काउंटर आणि अकराशे पानं असा सगळा ठराव पास झाला होता, आणि सूचक-अनुमोदक दोन्ही व्याहीच होते.

निघताना त्यांनी खिशातून धातूची एक नळी काढली. आत अखंड चिरूट. "ही आबांस्नी. आमच्याकडनं." मी नको म्हणायला तोंड उघडलं. पहिल्यांदाच ते रिकामं होतं. पण हिचं बजावणं आठवलं आणि घेतली.

घरी हिनं दारातच मला हुंगलं, शर्ट बघितला आणि विचारलं, "काय काय कबूल करून आलात?"

बाईमाणसाला वास कशाचा येतो, ह्यावर कुणीतरी अभ्यास करायला पाहिजे. मी आकडा सांगितला. ती काहीच बोलली नाही. आत गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी दुपारीच घासलेली होती.

सकाळी आबांच्या हातात नळी दिली. त्यांनी चिरूट बाहेर काढला, उजेडात फिरवला, सोनेरी कागदी पट्टी सोलून नातीला दिली, तिनं ती अंगठी म्हणून बोटात घातली. मग कॉटवर पेपर पसरला आणि 1850 रुपये मधोमध मोडले. मी "आबा—" म्हणेपर्यंत आतली पानं मोकळी झाली होती. एक चिमूट तळहातावर घेतली, चुन्याच्या डबीत नख घातलं, अंगठ्यानं मळली, दोन टाळ्या देऊन झटकली आणि खालच्या ओठात ठेवली. डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन. मी स्पीकरवर घेतला. अकराशेचं काही कमी करता आलं तर ही पण ऐकेल, म्हणून. पण त्यांनी आधी आबांचीच चौकशी केली. "आबास्नी कशी वाटली आमची वस्तू?"

आबा उठले, खिडकीतून थुंकले, आणि फोनजवळ येऊन अगदी आपुलकीनं, बाजार बघितलेल्या माणसानं नवख्याला सांगावं तसं म्हणाले,

"पाव्हणं, तंबाखू बरी हाय वो. पण ओली करून वजनात मारलंय बगा तुमास्नी कुणीतरी."