लिंकसोबत दोन ओळी लिहा

"मागे बँकर होतं का?" बाबांनी विचारलं, आणि मी फोनवरचा कार्यक्रम थांबवला.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. क्लीनर म्हणून लागले, वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन झाले, मग विजेच्या इंजिनावर मालगाड्या चालवल्या. नोकरीची बरीच वर्षं कसारा-इगतपुरी घाटात गेली. आता डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे, पेपर वाचता येत नाही, टीव्ही नुसता चालू असतो. दोन वर्षांपासून मी त्यांच्यासाठी ऐकण्यासारखं काही ना काही शोधत असते.

त्या संध्याकाळी ऐकत होतो ते बीबीसी रेडिओचं 'द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन'. 2 जुलै 1958 ला पहिल्यांदा प्रसारित झालेलं, तासाभराचं. ॲक्सन हा इंग्लंडमधला इंजिन ड्रायव्हर. 9 फेब्रुवारी 1957 ला डर्बीशरच्या डोंगराळ भागातून तो मालगाडी घेऊन चालला होता. चढ संपत आला असताना ब्रेकला वाफ पुरवणारी नळी फुटली आणि इंजिनात उकळती वाफ भरली. ब्रेक गेले आणि पुढे सगळा उतार. तिथल्या बहुतेक मालडब्यांना तेव्हा इंजिनातून लागणारे ब्रेक नसायचे, एकेका डब्याचा ब्रेक खाली उतरून हाताने लावावा लागायचा. ॲक्सनने फायरमनला उडी मारायला लावली, जमतील तेवढ्या डब्यांचे ब्रेक लाव म्हणून सांगितलं, आणि स्वतः इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला लटकून राहिला. वाटेतल्या सिग्नलमनला हात करून सावध केलं. शेवटी गाडी चॅपल-एन-ल-फ्रिथ स्टेशनात पुढच्या मालगाडीवर आदळली. ॲक्सन गेला, त्या दुसऱ्या गाडीचा गार्डही गेला. ॲक्सनला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटनचं शौर्यपदक मिळालं.

मी बाबांना सांगितलं होतं ते एवढंच, की चढ होता आणि नळी फुटली. बँकरचं नावही काढलं नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं. शोधलं, तर बँकर होतंच. मागून एक इंजिन गाडीला रेटा देत होतं.

"मग त्याला काय कळणार पुढं काय झालंय ते. तो ढकलतच राहिला असणार," बाबा म्हणाले आणि गप्प झाले.

तसंच झालं होतं. आमच्या घाटात 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे, म्हणून कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून बँकर लावतात. उतरताना गाडी कॅच सायडिंगपाशी उभी करायची, मगच पुढचा रस्ता मिळायचा. म्हणजे ड्रायव्हरच्या ताब्यात गाडी आहे याची खात्री होते, आणि नसली तर ती मुख्य लाइन सोडून सायडिंगच्या चढावर जाते. हे मी लहानपणापासून अर्धवट कानांनी ऐकत आलेय. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट समजून घेतलं.

कार्यक्रमातलं इंग्रजी कळायला अवघड आहे, ते त्या भागातल्या रेल्वे कामगारांचं बोलणं आहे. मी दर दोन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगत होते. पण रेग्युलेटर, इंजेक्टर, फुटप्लेट हे शब्द बाबांना माझ्याआधी कळत होते. एका ठिकाणी त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला, काहीतरी धरल्यासारखी मूठ वळली, आणि थोड्या वेळाने सुटली. त्यांना ते जाणवलंही नसावं.

हा कार्यक्रम केला बीबीसीचा निर्माता चार्ल्स पार्कर आणि लोकगीतं गाणारे इवान मॅकॉल व पेगी सीगर यांनी. तोपर्यंतची रीत अशी, की लोकांना भेटायचं, त्यांचं बोलणं उतरवून घ्यायचं, आणि मग स्टुडिओत नटांकडून ते वदवून घ्यायचं. हे लोक टेप रेकॉर्डर घेऊन ॲक्सनच्या सहकाऱ्यांकडे आणि पत्नीकडे गेले. आणलेल्या टेपा ऐकल्यावर मॅकॉलच्या लक्षात आलं की हे आवाज दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालण्यात अर्थ नाही. मग तेच आवाज ठेवले आणि त्यांच्या भोवती गाणी रचली. 1964 पर्यंत असे एकूण आठ कार्यक्रम झाले: रस्ता बांधणारे मजूर, खाणकामगार, पोलिओ झालेली माणसं. हेरिंग मासेमारीवरच्या 'सिंगिंग द फिशिंग'ला 1960 चा प्री इटालिया हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला स्वतःला ॲक्सनमधली सगळी गाणी आवडली नाहीत, एकदोन ठिकाणी ती मध्ये येतात. पण ॲक्सनची पत्नी बोलते तेव्हा तिचा आवाज ज्या साधेपणाने येतो, तो कुठल्याही नटीला जमला नसता.

आता मुद्द्याचं. हे माझ्यापर्यंत आलं कसं? कॉलेजातल्या एका मित्राने पाठवलं, आणि सोबत लिहिलं होतं: "तुझे बाबा ड्रायव्हर होते ना? मग हे एकटी ऐकू नकोस, त्यांच्यासोबत ऐक. गाणी नाही आवडली तरी चालेल, माणसांचे आवाज सोडू नकोस." बस, एवढंच. त्या आठवड्यात मला निरनिराळ्या ग्रुपवर पॉडकास्टच्या डझनभर तरी लिंका आल्या असतील, "जरूर ऐका", "अप्रतिम" असं लिहिलेल्या. एकही उघडली नाही.

कारण लेख चाळता येतो. दोन परिच्छेदांवरून नजर फिरवली की आपल्या कामाचं आहे की नाही ते कळतं. कानांना चाळता येत नाही. पन्नास मिनिटांचा कार्यक्रम चांगला आहे की नाही, हे कळायला पन्नास मिनिटंच द्यावी लागतात. म्हणून तो आधी ऐकलेल्या माणसाच्या शब्दाला इतकी किंमत आहे. ॲप जे पुढे आणतं ते बहुतेक आधीच लाखोंनी ऐकलेलं असतं. माझे बाबा कोण, हे त्या ॲपला माहीत नाही. मित्राला माहीत होतं.

मराठीत याची गरज जास्त आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे पॉडकास्ट म्हणजे दोन खुर्च्या, दोन माईक आणि एक पाहुणा, असं समीकरण झालंय. त्यातल्या काही मुलाखती मी आवडीने ऐकते. पण रेकॉर्डर घेऊन बाहेर पडणारं, बाजारात, बंदरावर, कारखान्यात जाऊन तिथले आवाज आणणारं फार थोडं आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीचीच बातमीपत्रं लावता येतात. मग तिथे गाणी आणि गप्पा उरल्या. आकाशवाणीने मात्र 'रूपक', म्हणजे एखाद्या विषयावर आवाज, निवेदन आणि संगीत गुंफून केलेला कार्यक्रम, हा प्रकार वर्षानुवर्षं सांभाळला. पुण्यामुंबईच्या केंद्रांवर चांगली रूपकं होत आली, पण ऐकणाऱ्याने दुसऱ्याला सांगितलं नाही, तर एकदा वाजलेलं रूपक हवेतच विरतं.

शोधायचं कसं, असं मला विचारतात. मी विषयावरून शोधत नाही. कार्यक्रमाच्या शेवटी निर्मात्याचं नाव येतं, जिथे सगळे बंद करतात तिथे. ते मी लिहून ठेवते आणि त्या माणसाने आणखी काय केलंय ते बघते. विषय चांगला असून कार्यक्रम फसल्याचं पुष्कळदा पाहिलंय, कान असलेला निर्माता सहसा फसवत नाही.

पाठवताना आता मीही मित्रासारखंच करते. ग्रामीण भारताच्या गोष्टी जमवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी बायकांच्या स्वतःच्या आवाजात तिथे ऐकता येतात. त्यातली एक आत्याला पाठवली तेव्हा लिहिलं: "आत्या, आधी हे लाव आणि मग मला सांग, तुमच्याकडे ही चाल होती का." तिचा रात्री फोन आला. ही चाल नव्हती म्हणाली, आणि तिच्या आईची चाल म्हणून दाखवली, सलग चार ओव्या, मध्ये एकदा खोकून.

तेव्हा तुमच्यासाठीही दोन ओळी लिहून ठेवते. घरात कुणी रेल्वेत होतं का? असेल तर 'जॉन ॲक्सन' त्यांच्या शेजारी बसून लावा आणि बोट थांबवायच्या बटणावरच राहू द्या. आम्हाला त्या एका तासाला तीन संध्याकाळी लागल्या. कोळीवाड्यातलं, बंदरावरचं कुणी असेल तर 'सिंगिंग द फिशिंग'. आमच्याकडे तेच चालू आहे. बाबा घाटावरचे, समुद्राशी संबंध नाही, तरी काल जेवताना विचारत होते, पुढचं कधी लावतेस.