जेट्स जिंकले आणि वाटोळं झालं

शनिवारी कट्ट्यावर बंड्याने जाहीर केलं, की 20 डिसेंबर 2020 हा न्यूयॉर्क जेट्सच्या इतिहासातला सगळ्यात काळा दिवस. सांगलीहून मुलाकडे आलेल्या काकांना वाटलं, त्या दिवशी संघ सपाटून हरला असणार.

"हरलो असतो तर पेढे वाटले असते काका. जिंकलो!"

काकांनी चहाचा कप भिंतीवर ठेवला. ही भिंत म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर एका किराणा दुकानाच्या पार्किंगची कड. आमचा कट्टा तोच.

मग बंड्याने बैजवार सांगितलं. इथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, 32 संघ. कॉलेजातून बाहेर पडणारी नवी पोरं दरवर्षी ड्राफ्टमध्ये वाटून घेतात आणि आदल्या सीझनला जो तळाला, त्याला पहिली निवड. ही पद्धत 1936 पासूनची. सुचवली फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेलने. त्याचा स्वतःचा संघ तेव्हा तळाशी होता, हे दिन्याने मध्येच घुसवलं.

तर 2020 साली जेट्स ओळीने 13 मॅच हरले होते. क्लेमसन कॉलेजचा ट्रेव्हर लॉरेन्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा गडी, जवळजवळ खिशात होता. तेवढ्यात रॅम्सना 23-20 हरवलं, पुढच्या आठवड्यात ब्राउन्सनाही. तिकडे जॅक्सनव्हिल जॅग्वार्स 1-15 वर, म्हणजे एक जिंकून पंधरा, इमानदारीत हरत राहिले आणि लॉरेन्स घेऊन गेले. जेट्सना दुसरा नंबर, त्यात झॅक विल्सन आला. तीन सीझननंतर त्याला डेन्व्हरला देऊन टाकला.

"दोन मॅच हरायला काय जात होतं?" बंड्या म्हणाला.

मास्तर इथल्या हायस्कूलला गणित शिकवतात. त्यांनी बंड्याची बाजू घेतली, पण पैशाच्या अंगाने. पगारावर सगळ्या संघांना सारखीच मर्यादा. पहिल्या नंबरच्या नव्या क्वार्टरबॅकला चार वर्षांचे मिळून साधारण चार-पाच कोटी डॉलर, आणि नावाजलेल्याला तेवढे एकाच वर्षात लागतात. पोरगा खरंच चांगला निघाला, तर उरलेल्या पैशात बाकीचा संघ उभा राहतो. "म्हणून मालकांच्या तोंडाला पाणी सुटतं. यात भावनेचा प्रश्न नाही."

"आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात," काका म्हणाले. "मैदानात लोकांना कळलं की फेटे सोडून अंगावर यायचे."

वहिनींना हे पटलं नाही. त्या आधी ह्यूस्टनला राहायच्या, तिथल्या टेक्सन्स संघाच्या कट्टर चाहत्या. "काका, नुऱ्यात दोन्ही पैलवान सामील असतात. इथे पैलवानाला पत्ताच नसतो. त्याला मुद्दाम हरायला सांगून बघा! प्रत्येक मॅचची फिल्म बाकीचे 31 संघ बघतात. आज अंग चोरलं, तर पुढच्या वर्षी नोकरी नाही. बहुतेकांचे करार पूर्ण हमीचेही नसतात. आणि येणारा नवा पोरगा यांच्यातल्याच कुणाची तरी जागा खाणार. त्याच्यासाठी हे कशाला हरतील?"

मला तिथेच वाद संपल्यासारखा वाटला होता, पण बंड्याकडे टँपा बे बकनीअर्सचं उदाहरण होतं. 2014 ची शेवटची मॅच, सेंट्सविरुद्ध. हाफटाइमला बकनीअर्स 20-7 ने पुढे. मग मुख्य खेळाडू एकेक करून बाकावर बसले आणि मॅच 23-20 ने गेली. पहिला नंबर मिळाला, जेमिस विन्स्टन आला. "कुणी अंग चोरलं नाही, फक्त चांगले लोक खाली बसवले. पुरावा काय दाखवणार?"

"आणि त्या विन्स्टनने किती सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदं, आणली?" वहिनी.

बंड्या चहा प्यायला लागला.

खरी मजा वहिनींच्या टेक्सन्सची. 8 जानेवारी 2023, शेवटची मॅच इंडियानापोलिसला. हरले की पहिला नंबर पक्का. मिनिटभर उरलंय, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, अजून 20 यार्ड पुढे जायला हवं. क्वार्टरबॅक डेव्हिस मिल्सने चेंडू लांब फेकला, टचडाउन, म्हणजे सहा गुण; तरी एकाने मागे. एका गुणाची किक मारून बरोबरी नको म्हणून दोन गुणांचा प्रयत्न, तोही जमला. 32-31. कोच लव्ही स्मिथला त्याच रात्री नारळ. पहिला नंबर शिकागो बेअर्सना गेला, त्यांनी तो कॅरोलायना पँथर्सना विकला, पँथर्सनी ब्राइस यंग घेतला आणि पुढच्या सीझनला 2-15 झाले. दुसऱ्या नंबरावर ह्यूस्टनला उरला सी. जे. स्ट्राउड, जो त्या वर्षी आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि संघाला प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, घेऊन गेला. पँथर्सनी सौद्यात पुढच्या वर्षाची पहिली निवडही दिली होती. ते स्वतःच तळाला गेल्यामुळे शिकागोला पुन्हा पहिला नंबर मिळाला.

"म्हणजे जिंकून मिळालेला दुसरा नंबर पहिल्यापेक्षा बरा," काका म्हणाले. त्यांना हे आम्हा सगळ्यांपेक्षा लवकर कळलं.

मला मात्र त्या कोचचं जास्त वाटतं. जिंकला तरी गेला. जेट्सचा ॲडम गेस 2-14 करून गेला. ईगल्सच्या डग पीडरसनने जानेवारी 2021 मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये जेलन हर्ट्सला बसवून तिसऱ्या फळीचा नेट सडफेल्ड आणला, मॅच घालवली, संघाचा नंबर नववरून सहावर आला. आठ दिवसांत तोही घरी. संघ चांगल्या नंबरावर येतो तेव्हा तो नंबर वापरायला हा माणूस नसतोच. मग मालकाने कितीही सुचवलं तरी कोच कशाला ऐकेल? मायामीच्या कोचने, ब्रायन फ्लोरेसने, 2022 च्या खटल्यात आरोप केला, की 2019 साली मालकाने दर पराभवामागे एक लाख डॉलर देऊ केले होते. मालकाने इन्कार केला, लीगच्या चौकशीत संघ मुद्दाम हरल्याचं निघालं नाही. पण त्या सीझनला फ्लोरेसने शेवटच्या मॅचला पेट्रियट्सना त्यांच्या घरात हरवलं होतं, हे मला विसरता येत नाही.

सडफेल्डचं नाव निघाल्यावर दिन्या पेटला. तो जायंट्सवाला. त्या दिवशी ईगल्स जिंकले असते तर जायंट्स प्लेऑफमध्ये होते. "तुमचा नंबर सुधारतो, भोगायचं आम्ही! आणि न्यू जर्सीत 2018 पासून बेटिंग कायदेशीर आहे. ज्याने इमानाने ईगल्सवर पैसे लावले त्याचं काय?"

मास्तरांनी उपाय काढला, बास्केटबॉलसारखी सोडत. एनबीएमध्ये 1985 पासून आहे. 2019 साली तळाच्या तिघांनाही पहिल्या नंबराची शक्यता सारखीच केली, 14 टक्के. दिन्याने लगेच फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाचं उदाहरण फेकलं. सोडत असतानाही 2015-16 मध्ये त्यांनी 10-72 करून दाखवलं होतं. मास्तर म्हणाले, म्हणूनच तर शक्यता सारख्या केल्या. या दोघांचं बराच वेळ चाललं. माझं लक्ष समोशांकडे होतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर म्हाताऱ्या खेळाडूंना देऊन पुढच्या निवडी जमवायला माझी हरकत नाही. तो उघड कारभार आहे. पण मॅचच्या दिवशी चांगला माणूस धडधाकट असताना बाकावर बसवला, तर ती फसवणूकच. बंड्याच्या मते हा फरक फक्त जायंट्सवाल्यांना परवडतो.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हरायचं ठरवलं तर तिकिटाचे पैसे परत देतात का?"

"परत? पार्किंगचे वेगळे घेतात," दिन्या म्हणाला.

"नाही, मुलाने माझ्यासाठी जेट्सच्या डिसेंबरातल्या मॅचची तिकिटं काढलीयत. ती जिंकायची मॅच आहे का हरायची?"

"ते काका," बंड्या म्हणाला, "नोव्हेंबरात सांगतो."