टीमला प्रेरणा कशी द्यावी : साहेबांसाठी काही सूचना

अभिनंदन! तुमच्या हाताखाली माणसं आली. आता त्यांच्याकडून भरपूर काम, नवनव्या कल्पना आणि वर झकास 'कल्चर' काढून घ्यायचं आहे. घाबरू नका, काम तेच करणार आहेत. तुम्ही फक्त पोषक वातावरण तयार करायचं.

सुरुवात रंगकामापासून करा. 'विश्वास', 'पारदर्शकता', 'धाडस' हे शब्द मोठ्या अक्षरांत मीटिंग रूमच्या बाहेर लिहून घ्या. आत नको, आत त्यांची अडचण होते.

मग इनोव्हेशन. थ्री-एम कंपनीत म्हणे कामाचा पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरायची मुभा असते. तिथल्या स्पेन्सर सिल्व्हरने १९६८मध्ये नीट न चिकटणारा गोंद बनवला. आर्ट फ्रायला त्याचा उपयोग सुचला १९७४मध्ये, आणि पोस्ट-इट चिठ्ठ्या अमेरिकेत सगळीकडे मिळू लागल्या १९८०मध्ये. म्हणजे बारा वर्षं! तुम्ही असला गबाळेपणा चालवून घेऊ नका. इनोव्हेशन शुक्रवारी चार ते पाच, आणि पाच वाजता 'यातून रेव्हेन्यू किती?' हा प्रश्न. न चिकटणाऱ्या गोंदवाल्याला पहिल्याच अप्रेझलमध्ये निरोप.

अप्रेझलवरून आठवलं. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं तरी बेल कर्व्हसाठी, म्हणजे थोडे वर, बरेचसे मधे आणि थोडे तळाशी बसवायच्या ठरीव साच्यासाठी, एकाला तळाशी ढकलाच. मायक्रोसॉफ्टने ही सक्ती २०१३मध्ये बंद केली, कारण लोक बाहेरच्या स्पर्धकांशी लढायचं सोडून शेजारच्या टेबलाशी लढत होते. त्यांचं ते जाणोत.

पगारवाढीच्या मोसमात 'आपण एक कुटुंब', कपातीच्या मोसमात 'हेडकाउंट'.

रविवारी रात्री मेसेज टाकताना शेवटी 'घाई नाही' लिहायला विसरू नका.

आणि आता रामबाण उपाय : निनावी सर्व्हे. आमच्याकडे नुकताच झाला, त्यामुळे कृती ताजी आहे. आधी मेल पाठवा, 'तुमची ओळख पूर्णपणे गुप्त राहील, मोकळेपणाने लिहा'. मग ज्याने भरला नाही त्याला नावानिशी आठवण करा, 'तुम्ही अद्याप फॉर्म भरलेला नाही'. पहिल्या पानावर विभाग, वयोगट, लिंग आणि रुजू झाल्याचं वर्ष विचारा. एवढ्या चाळण्यांतून आमच्या विभागात एकटी मीच खाली उरते, पण ओळख मात्र गुप्त! तरी मी लिहिलं. लिहिलं एवढंच, की इथे चूक सांगितली की आधी 'कोणी केली' हे विचारतात, म्हणून लोक चुका सांगत नाहीत.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझं ते वाक्य जसंच्या तसं पडद्यावर लावलं आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय? मी रागावणार नाही, फक्त समजून घ्यायचंय."

कोणी बोललं नाही. कोण बोलेल? साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं आणि निष्कर्ष काढला, की टीममध्ये प्रत्यक्षात असं कोणालाच वाटत नाही. वर पुढच्या सर्व्हेत सरासरी चारच्या वर आली पाहिजे, असं टार्गेट दिलं. मोकळेपणाचं टार्गेट! ते गाठलं जाईल, खात्री बाळगा. सगळे गुपचूप पाच-पाच देतील, त्याचा हिरवा आलेख वरच्यांना दाखवला जाईल, आणि ज्या गोष्टीची कुजबुज जेवणाच्या सुट्टीत चालते ती गोष्ट जशीच्या तशी सडत राहील.

एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे आले उलटे, चांगल्या टीमच्या नोंदींतच चुका जास्त. कारण त्या जास्त चुकत नव्हत्या, तिथे लोक चूक बोलून दाखवत होते. बाकीच्या ठिकाणी कागद स्वच्छ. पुढे गूगलने स्वतःच्या शेकडाभराहून जास्त टीम अभ्यासल्या, त्यातही न घाबरता बोलता येणं हाच घटक सगळ्यांत वर निघाला. यासाठी बजेट लागत नाही हो. झोपाळे, बीन बॅग, पिझ्झा, प्रेरणादायी वक्ता, काहीही लागत नाही.

आणि हा नुसता मन राखण्याचा मामला नाही. २७ जानेवारी १९८६च्या रात्री अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या रॉकेटवर काम करणारे इंजिनिअर सांगत होते, की एवढ्या थंडीत सांध्यांमधल्या रबरी कड्यांचा भरवसा नाही, उड्डाण करू नका. त्यांच्या एका वरिष्ठाला सांगण्यात आलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने घातली. दुसऱ्या दिवशी यान उडालं, हवेतच फुटलं आणि सात माणसं गेली.

आपल्या कामात कोणी मरत नसेल. पण बंद पडणारा प्रोजेक्ट बंद पडणार हे खालच्या माणसाला महिनोन् महिने आधी माहीत असतं, आणि तो सांगत नाही, कारण मागे सांगितलं तेव्हा तुम्ही त्यालाच 'निगेटिव्ह' ठरवलंत. नंतर 'मला कोणी आधी का नाही सांगितलं' म्हणून ओरडणारेही तुम्हीच! सांगितलं होतं. पडद्यावर लावून तुम्हीच मोठ्याने वाचलंत. तेव्हा पुढच्या वर्षी तो फॉर्म पाठवू नका, वर्कशॉपही नको. समोरचा 'हे चुकतंय' म्हणाला, तर वाक्य पुरं होईपर्यंत गप्प बसा. तेवढंही जमत नसेल, तर माणसं हाताखाली मागून घेतलीत कशाला?