आईच्या मते मी भंगारवाला झालोय

परवा व्हिडिओ कॉलवर आईला चुकून गॅरेज दिसलं. भिंतीला टेकून पाच बादल्या. पितळ, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम आणि पाचवीवर खडूने लिहिलेलं ‘नंतर बघू’. आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एवढं शिकून इंग्लंडला गेलास ते भंगार गोळा करायला? ते कराडातही करता आलं असतं की.” मागून बाबांचं खो खो हसणं.

तर खुलासा. हो, मी भंगार विकतो. आणि मला त्यात काडीचाही कमीपणा वाटत नाही.

लिंकनशायरमध्ये राहायला आल्यापासून मला मेटल डिटेक्टिंगचा, म्हणजे यंत्राने जमिनीत पुरलेले धातू शोधण्याचा, नाद लागलाय. कानाला हेडफोन, हातात यंत्र, कापणी झालेलं शेत आणि रविवारची सकाळ. नाद महाग आहे. चांगलं यंत्र काहीशे पौंडांचं, वर पेट्रोल, बॅटऱ्या, गुडघाभर चिखलात टिकतील असे बूट. दुसऱ्या वर्षी घरात रीतसर तह झाला: या प्रकाराला घरखर्चातला एक पौंडही लागणार नाही. तिथून बादल्या सुरू झाल्या.

लोकांना वाटतं, यंत्र वाजलं की खाली मोहोर. अहो, वाजतं ते बहुतेक वेळा बंदुकीच्या काडतुसाच्या पितळी बुडाने, घोड्याच्या नालेने, ट्रॅक्टरच्या कुठल्यातरी नटाने. नाहीतर कोल्ड्रिंकच्या कॅनने, तोही मशीनच्या पात्यांखाली येऊन त्याची कोशिंबीर झालेली. सगळ्यात छळवादी म्हणजे कॅनची ती ओढायची कडी. पडद्यावर तिचा आकडा आणि सोन्याच्या अंगठीचा आकडा जवळपास सारखाच येतो. म्हणजे कडी सोडायची तर अंगठीही सोडावी लागते. मग खणा!

बरेच जण हा कचरा कुंपणात भिरकावतात. मी पिशवीत टाकतो. शेतकरी आजोबांना आधीच विचारलं होतं, कारण शेत त्यांचं तर भंगारही त्यांचंच. ते म्हणाले, “ने बाबा, उपकार होतील.” तारेचा तुकडा चाऱ्यातून गाईच्या पोटात गेला तर काय होतं, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही. आमच्याकडेही गोठा होता.

पण खरं सांगायचं तर शेतातल्या भंगाराने बॅटऱ्यासुद्धा सुटत नाहीत. पैसा आहे तो जुन्या नळांत आणि तांब्याच्या पाइपांत. ओळखीचा एक गुजराती प्लंबर आहे. लोकांची बाथरूम फोडली की त्याचा फोन येतो. मी त्याची व्हॅन रिकामी करून देतो, तो मला माल देतो. वर त्याला महिन्याला एकदा साबुदाणा खिचडीचा डबा, बायकोच्या सौजन्याने.

खरी मजा निवडण्यात आहे. आधी चुंबक फिरवायचं, चिकटलं ते लोखंड, बाजूला. मग कानस. चकचकीत नळ सगळे सारखेच दिसतात, पण कडेला कानस मारली की आतून पिवळा निघाला तर पितळ, पांढुरका करडा निघाला तर जस्ताचा हलका माल. नळातला लोखंडी स्क्रू काढायला दहा मिनिटं लागतात, पण तो तसाच ठेवला तर सगळं पितळ ‘मिसळीच्या’ भावात जातं. वायर सोलायची, जाळायची नाही. जाळलेल्या तांब्याला भाव कमी येतो आणि तो धूर विषारी असतो. शिसं हाताळलं की हात धुतल्याशिवाय चहालाही हात लावायचा नाही.

पहिली खेप: सहा किलो पितळ, साडेतीन किलो तांबं, ४१ पौंड. रोख नाही हं. इथे २०१३च्या कायद्याने भंगाराचे पैसे रोखीत देता येत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्स दाखवायचं, नाव-पत्ता नोंदवायचा, पैसे बँकेत. चोरीच्या तारांना आळा बसावा म्हणून. बनियनच्या खिशातून चुरगळलेल्या नोटा काढणारा आमच्या गल्लीतला भंगारवाला इथे एक दिवस टिकला नसता. त्याच्या तराजूवर माझा विश्वास नव्हता, पण गप्पा फार छान मारायचा.

एकदा माझ्या हातून घोळ होता होता राहिला. शिशाची बादली भंगाराच्या यार्डात रिकामी करणार, तेवढ्यात एका चपट्या गोळ्यावर अक्षरं दिसली. जुन्या काळी कापडाच्या गठ्ठ्याला लावायचे ते शिशाचं सील! वजनाने विकलं असतं तर काही पेन्स मिळाले असते. शेतातल्या वस्तू नोंदवून घेणाऱ्या इथल्या सरकारी अधिकाऱ्याला नेऊन दाखवलं. तेव्हापासून शिसं आधी धुतो, भिंग लावून बघतो, मगच बादलीत.

आता मूळ मुद्दा: भंगारच का विकतो, सापडलेली नाणी का नाही? मला शेतात पहिल्या एलिझाबेथचं चांदीचं सहा पेन्सचं नाणं मिळालं, त्यावर १५७२ साल. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या अठ्ठावन्न वर्षं आधीचं! सुटं नाणं इथल्या कायद्याने सहसा ‘ट्रेझर’, म्हणजे कळवावाच लागणारा खजिना, ठरत नाही, आजोबांनीही मला देऊन टाकलं. विकलं असतं तर यंत्राची नवी कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची ती चकती, आली असती. कॉइल आली ती नळांच्या पैशांतून, नाणं कपाटात आहे. छंदाचा खर्च सापडलेल्या वस्तूंतून काढायचा ठरवला की माणसाची नजर बदलते. २०१५मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला खजिना सापडला, त्यांनी तो कळवलाच नाही, परस्पर विकायला काढला. २०१९मध्ये दोघे तुरुंगात गेले. बरीचशी नाणी हाती लागलीच नाहीत.

गावाकडच्या एका मित्राचा दर दिवाळीला मेसेज येतो, “येताना यंत्र घेऊन ये, गडावर जाऊ.” नाही आणणार. आपल्याकडे १८७८चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आणि संरक्षित गडावर खोदणं हा वेगळा गुन्हा. कायदा नसता तरी नसतं आणलं. गडावर सोबत न्यायचं असेल तर भाकरी-पिठलं ने, मित्रा.

असो. प्लंबरचा आत्ताच मेसेज आलाय, “बे जूना नळ छे, लई जा.” शनिवारी यार्ड बाराला बंद होतं आणि माझी कानस कुठे गेलीय कोण जाणे.