‘एसीत बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याच्या हद्दीत उद्योग नकोत, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘एसीत बसून पक्ष्यांच्या नावाने गळे काढणं सोपं असतं. पडीक माळावर कारखाने आले तर पोरांना काम मिळेल. झाडं काय, दुसरीकडे लावता येतील.’

एसी आमच्याकडे नाही. पंखा आहे, तोही वीज असेल तेव्हा. माझ्या आजोबांची मेंढरं सोलापूरकडच्या याच माळांवर चरली. शाळेला सुट्टी लागली की काठी माझ्या हातात. पायात रुतलेली कुसळं संध्याकाळी दिव्यापाशी बसून काढायची. लांडग्याने नेलेल्या कोकरासाठी मी रडलोय, त्यामुळे वन्यजीव मला टीव्हीवर भेटलेले नाहीत. तुम्ही हा माळ कधी पायी तुडवलाय का? की हायवेवरून, काच वर करून?

मतभेदाला माझी ना नाही, पण ‘गळे काढणं’ ही काय भाषा झाली?

एक चूक कबूल करतो. लेखात मी दोनदा ‘जंगल’ म्हटलं. ते जंगल नाही, गवताळ माळरान आहे. आणि म्हणूनच तुमची ‘झाडं’ इथे निरर्थक आहेत. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, त्याला चहूकडचं मोकळं दिसावं लागतं. तिथे झाडं लावणं म्हणजेच त्याला हाकलणं. कारखान्याबरोबर विजेच्या ताराही येणार. अंगाने जड आणि समोरचं कमी दिसणारा हा पक्षी त्यांना धडकून मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखाली घ्यायला सांगावं लागलं, ते उगाच नाही. माळढोक आता दिसतोच कुठे, असं म्हणाल. बरं, लांडगा, खोकड, काळवीट? तेही पडीकच का?

रोजगाराबद्दल पुन्हा कधीतरी. तो वेगळा विषय आहे.

१९७९ साली ८,४९६ चौ.किमी. अभयारण्य जाहीर झालं, त्यात गावंच्या गावं आली, जमिनींचे व्यवहार अडकले, लोक चिडले. रास्तच होतं. म्हणून ते १,२२२ चौ.किमी.वर आणलं ना? आता उरलेल्याचाही लचका हवाय?

आणि हो, पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. ‘विकासप्रेमी’ला किती अहोजाहो करायचं?