हसणारे कॅमेऱ्यात येत नाहीत

बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे केले. तेव्हापासून आमच्या नागपूरच्या घरच्या ग्रुपवर शाळेतल्या कुठल्याही त्रासावर एकच उतारा असतो, कॅमेरा! धरमपेठेत राहणाऱ्या माझ्या भाचीला वर्गात रंगावरून नाव पडलं, तेव्हाही तोच निघाला. मोठ्या काकांचा निकाल तर त्याहून सोपा होता: “पोट्टे मजाक करून राह्यले, एवढं काय मनावर घेते!”

मी राहते त्या न्यू जर्सीत शाळेतल्या अशा छळाविरुद्ध २०११ पासून कडक कायदा आहे. तक्रार आली की शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू, दहा दिवसांत पूर्ण. उत्तम. पण चौकशीत कोणी कोणाला काय केलं एवढंच निघतं. मागच्या बाकांवर बसून हसलेल्यांची नोंद कुठे होते?

ती माझ्या मुलीच्या वर्गात एका कादंबरीमुळे झाली. ‘वंडर’ (२०१२) मधला ऑगी चेहऱ्यातल्या जन्मजात व्यंगासह पाचवीत येतो. हॅलोविनला तो मुखवटा घालून वर्गात शिरतो, आणि त्याचा जवळचा मित्रच टोळक्यात भाव खाण्यासाठी त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलताना त्याच्या कानावर पडतं. बाईंनी ‘तुमच्यात असं कोण करतं’ हे विचारलंच नाही. ‘त्या टोळक्यातल्या बाकीच्यांना तेव्हा काय वाटलं असेल’ एवढंच विचारलं. ऑगीच्या आडून मुलं भडाभडा बोलली म्हणे. छळणाऱ्या ज्युलियनची बाजू मूळ पुस्तकात नाही, लेखिकेने ती २०१४ मध्ये वेगळी लिहिली. बाईंनी ती वाचायला देण्याआधी मुलांकडूनच लिहून घेतली. आमच्या कन्येने लिहिलं, “मी काही बोललो की सगळे हसायचे, म्हणून मी बोलत राहिलो.”

म्हणून नागपुरात ‘वंडर’ वाटा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे आडनावावरून, रंगावरून, फी माफ आहे यावरून बोलणी बसतात. गोष्टही तिथलीच हवी. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्यातली एखादी कथा चालेल. जातीचा विषय निघाला की पालक शाळेवर धावून येतील, ही भीती खरी आहे. (इथलेही पालक ग्रंथालयातून पुस्तकं काढायला लावतात, त्यामुळे अमेरिकेचं कौतुक बेतानेच.) पण साठ मुलांचा वर्ग आणि पोर्शन ही सबब मला पटत नाही. एक कथा वाचायला एक तास पुरतो.

वहिनीने भाचीच्या वर्गशिक्षिकेला हे सुचवलं. त्या म्हणाल्या, कार्यानुभवाच्या तासाला बघू. तो तास सध्या गणिताचे सर घेतात.